उभ्या गाडीचं वजन

१ जुलै २००३, मंगळवार

आरती आज हॉस्टेल सोडून परत आली. शेवटच्या वर्षाचा निकाल चांगला लागला आहे आणि बंगळूरची नोकरी हातात आहे. हजर व्हायचं ते डिसेंबरात. तोवर ती मंचरलाच. टेम्पोच्या मागे गादी, बादली, पुस्तकांची खोकी, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी ही मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलेली. पुण्यापासूनचे सगळे खड्डे तिने त्याच्यासाठी अंगावर झेलले म्हणे. तिच्या आईने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला तर पोरगी म्हणते, "आई, याच्यावरूनही ओवाळ." हिने खरंच ओवाळला.

मला हसू आलं. मग जेवताना उगाच मन लागेना. घर भरल्यावर असं का व्हावं?

९ जुलै, बुधवार

आरतीने कॉम्प्युटर वर्कशॉपच्या ऑफिसात आणून लावला. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या शेडमधली काचेची खोली, तिच्यात माझा ड्रॉइंग बोर्ड आणि सुभाषचंद शेठची खुर्ची. शेठचं लोखंडाचं दुकान आणि माझी इंजिनीअरची डिग्री, अशी आमची भागी अठरा वर्षं चालली आहे. ऊस वाहायच्या टायरगाड्या आम्ही करतो. आता त्यांच्या बाजूने त्यांचा मुलगा बंटीच सगळं बघतो.

प्रोग्राम तिने कॉलेजात प्रोजेक्टसाठी लिहिलेला आहे. गाडी किती लांब, किती रुंद, चाकांची आस कुठे, वजन कसं येतं, एवढं आपण सांगायचं. पुढचं तोच करतो. आधी मनाला येतील तसे शंभर सांगाडे काढतो. कुठला अँगल कुठे आणि किती जाड, काही धरबंध नाही. मग प्रत्येकावर वजन टाकून बघतो. मोडतील ते टाकून देतो, बरे ठेवतो, आणि बऱ्यांची एकमेकांशी गाठ घालून नवे शंभर काढतो. त्यांतून पुन्हा निवड. अशा पिढ्यांवर पिढ्या.

शेठ चष्मा कपाळावर चढवून बघत होते. म्हणाले, "म्हणजे खिलारीची पैदास करतात तसंच की."

"अगदी तसंच, काका."

"मग तुझ्या पप्पांना काय काम?"

"पप्पांनी गोठ्याच्या दारात उभं राहायचं," बंटी म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

१० जुलै

आज तिने मला समोर बसवून वही उघडली. "पप्पा, रस्त्यावर गाडीवर काय काय येतं ते सगळं सांगा."

सांगत गेलो. पूर्ण भरलेला ऊस. एक चाक खड्ड्यात, दुसरं वर. नदीच्या उतारावर बैलांनी मागे रेटा दिला तर जुवावर येणारा जोर. एक बैल ओढतो, दुसरा अडतो, तेव्हा सांगाड्याला बसणारा पीळ. ती भराभर लिहून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "हे कुठल्या पुस्तकात नाही हो." एवढ्याशा वाक्याने मी किती फुललो! सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला हे शोभतं का?

"काही राहिलं?"

"नाही."

२४ जुलै, गुरुवार

दिवसभर प्रोग्राम चालला. दुपारी दोनदा लाईट गेली आणि दोन्ही वेळा पहिल्या पिढीपासून सुरुवात. आरती चिडली. मला ते लाईट जाणं मनातून आवडलं, हे इथे लिहून ठेवतो.

मी बोर्डाशी बसून होतो. ह्या बोर्डावर पंच्याऐंशी साली मी पहिली टायरगाडी काढली. ट्रेसिंग पेपरवर शाई वाळेपर्यंत मनगट उचलायचं नाही. टी-स्क्वेअर सरकवताना होणारा तो खर्रर्र आवाज. अमोनियाच्या पेटीतून निळी प्रिंट निघाली की डोळ्यांना पाणी यायचं. वासाने यायचं असं मी सगळ्यांना सांगायचो. ती पहिली प्रिंट अजून भिंतीवर आहे. निळी राहिलेली नाही, जांभळट झाली आहे. एक गाडी काढायला मला सगळा पावसाळा लागला होता. ह्या यंत्राने लाईट जाईपर्यंत हजारो काढल्या आणि टाकून दिल्या. टाकलेल्यांत माझ्यासारखीही एखादी असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

सांगाडा निघाला. स्क्रीनवर हिरव्या रेघा. पहिल्या नजरेत गाडी वाटतच नाही, झाडाची मुळं वाटतात. आसेपाशी सगळं लोखंड गोळा झालेलं, तिथून फांद्या पुढे गेलेल्या. मी जिथे सरळ चॅनेल टाकतो तिथे त्याने तिरपे हात दिले आहेत, आणि ते हात बरोबर आहेत. मी कागदावर गणित करून पाहिलं. पिळाच्या वेळी माझ्या गाडीपेक्षा ही सरस ठरते आणि वजनाला बरीच हलकी. बैलांच्या मानेचा तेवढा भार उतरला.

मागच्या टोकाचा आडवा बार मात्र त्याने काठीसारखा बारीक करून टाकला आहे.

"इथं काही येतच नाही पप्पा. सगळं वजन आसेवर आणि जुवावर. तुमच्या गाडीत हा एवढा जाड का आहे?"

"सवय," म्हणालो.

मनात काहीतरी खुपलं. ते काय हे शोधत बसलो तर उत्तर एकच मिळालं: मत्सर. माझ्या गाडीतला माझा जाड बार कुणी पातळ केला म्हणून वाईट वाटतंय. असल्या भावनेला मान देऊन मुलीच्या कामात काडी घालायची नाही, असं ठरवलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आरतीच्या आईने माळ्यावरचे फोटो काढले. बंगळूरला दोन-चार न्यायचे आहेत म्हणे. त्यात पंच्याऐंशीच्या हंगामातला एक सापडला. माझी पहिली गाडी तेव्हा जुन्नरकडच्या कारखान्यावर गेली होती. ती बघायला मी आरतीला एसटीने घेऊन गेलो. चार वर्षांची. ऊन होतं, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. सोडलेले बैल बाजूला उसाची हिरवी वाढं खात होते. उसाने भरलेली माझी गाडी पुढे-मागे टेकूवर उभी, आणि तिच्या सावलीत, मागच्या टेकूला पाठ लावून, आरती. तिने उसाचं एक कांडं फडक्यात गुंडाळून त्याची बाहुली केली होती आणि तिला निजवत होती. मी हाक मारली तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. बाळ उठेल." गाडीवाले एवढे हसले.

मी फोटो पाहत राहिलो. तो आरतीने नेऊ नये असं वाटलं. हिला म्हटलं, हा इथेच राहू दे, बाकीचे दे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

भादवी पोळा. नमुन्याची गाडी आठवड्यापूर्वी तयार झाली होती, पण पोळ्यालाच बाहेर काढायची असं शेठचं म्हणणं. चेतनाने, म्हणजे बंटीच्या बायकोने, गाडीला हळद-कुंकू लावलं. अवसरी बुद्रुकचा गेणू नेहमी आमचीच गाडी घेतो. त्याने शिंगं रंगवलेली जोडी जुंपली, आम्ही वाळूची पोती भरली आणि गाडी अवसरीच्या रस्त्याला लागली. खड्ड्यांतून, ओढ्यातून, चढावरून. आरती आणि मी मोटारसायकलवर मागे, बंटी जीपमध्ये.

गेणूने वेशीपाशी कासरा ओढला. "राव, लई हलकी हाय. बैलांना कळंना मागं गाडी हाय का न्हाई."

"मोडत नाही ना कुठं?" आरतीने विचारलं.

"मोडाया काय झालं? पण ताई, दिसाया म्हनशीला तर उपाशी दिसती. जरा खायला घाला तिला."

बैलांना पुरणपोळी मिळाली. वाळू उतरवायला वर्कशॉपचीच माणसं होती. बैल जुंपलेले असतानाच पोती खाली टाकली आणि गेणू घरी गेला.

बंटीने तिथूनच वर्कशॉपला फोन लावला: हंगामाच्या सगळ्या पंधरा गाड्या नव्या सांगाड्याच्या. कटिंग सुरू करा.

आरतीने मागे बसून माझ्या पाठीवर डोकं टेकलं. लहानपणी पेंगल्यावर टेकायची तसं. मी मोटारसायकल सावकाश चालवली. रस्ता लवकर संपला.

५ ऑक्टोबर, दसरा

अवजारांची पूजा. ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन, कॉम्प्युटर. शेठनी फुलं वाहता वाहता माझ्या बोर्डाकडे पाहिलं, तेव्हा मी स्वतःच उठून त्यावर झेंडू ठेवला. बोर्डावर आता बंटी चहाचे कप ठेवतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहायचं.

अकराच्या सुमाराला बंटीचा मोबाइल वाजला. पारगावच्या कारखान्यावर गेणूची गाडी बसली. आरती मोटारसायकलवर माझ्या मागे येऊन बसली.

कारखान्याच्या तळावर रांगेत शंभरेक गाड्या होत्या. आपली लांबूनच ओळखू आली, कारण तिची दांडी आभाळाकडे होती. मागचा बार मधोमध वाकलेला, टेकू निसटलेला, आणि गाडी शेपटावर बसलेली. अर्धा ऊस मागे ढासळला होता. त्या उसाखालून थोडा धूर येत होता.

मला काही विचारावं लागलं नाही. वाकलेला बार आणि उसाखालचा धूर पाहिला तेव्हा सगळं एका क्षणात कळलं. रांगेत बैल सोडतात. गाडी टेकूवर उभी राहते. मागच्या टेकूचा सगळा जोर त्या आडव्या बारावर येतो. बैल जुंपलेले असताना तिथे काहीच येत नाही, पण उभ्या गाडीत सगळं तिथेच येतं.

"चूल हाय ती," मागून आवाज आला. गेणूची बायको साळुबाई, कमरेवर पाण्याची घागर. "सावलीला तीन दगडं मांडली व्हती. पातेलं ठिवलं आन् पानी आनाया नळावर गेले. वळून बघते तर गाडी बसलीया."

मी खालीच बसलो.

"उठा वं. मला काय झालंय? च्या गेला उसाखाली. तुमच्या त्या मशीनला म्हनावं, आता च्या पन तूच कर."

बाजूचे गाडीवाले हसले. गेणू हसला नाही. बारावरून हात फिरवत म्हणाला, "चालायला लई ग्वाड हाय, भाऊ. पन हिला उभं ऱ्हायाला कुनी शिकिवलंच न्हाई."

आरती गुडघ्यांवर बसून वाकलेला बार बघत होती. "टेकू इथं लावतात?"

"मंग कुठं लावनार? बैल सोडल्यावं गाडी काय हवेत ऱ्हाती?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. साळुबाईने घागर खाली ठेवली आणि ओल्या हाताने तिच्या गालावर थोपटलं. "लेक ना तुमची? पोरी, मी उभी हाय न्हवं तुझ्या म्होरं? मंग रडायचं नाय."

येताना थोरांदळ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "पप्पा, थांबा." मोटारसायकल झाडाखाली घेतली.

"गाडी रांगेत टेकूवर उभी असते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"तू रस्त्यावरचं विचारलं होतंस."

वाक्य तोंडातून गेलं आणि ते किती खरं आणि किती हलकट आहे ते मलाच ऐकू आलं. ती घरी येऊन जेवली नाही.

७ नोव्हेंबर

बाहेर गेलेल्या गाड्या परत बोलावल्या. बंटी स्वतः जीप घेऊन गावोगाव गेला. शेठ एवढंच म्हणाले, "बाई वाचली. बाकी सगळं होत राहील."

मागच्या बारावर जाड पट्टी वेल्ड करायची. सोपं काम आहे. माझ्या मनाचं काम तितकं सोपं नाही. मी विसरलो, की विसरू दिलं? जुलैत तिने "काही राहिलं?" विचारलं तेव्हा उभी गाडी डोळ्यांसमोर होती का? नव्हती, असं शपथेवर सांगेन. पण बार पातळ दिसला तेव्हा काहीतरी खुपलं होतं, आणि मी त्याला मत्सर म्हणून गप्प केलं. स्वतःला इतकं वाईट समजायचं की खरी शंकाही त्याखाली दडपून जावी, हा कसला प्रामाणिकपणा? आणि तळाशी आणखी एक प्रश्न आहे. यंत्र चुकलं असतं तर ती थांबली असती, असं कुठे मला वाटत होतं का? ह्याचं उत्तर मी लिहीत नाही, कारण मला ते माहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आरती सकाळीच वर्कशॉपला येऊन बसली होती. मी फोटो बरोबर नेला होता. पंच्याऐंशीचा. तिच्यापुढे ठेवला.

तिने बराच वेळ पाहिला. मग टेकूवर बोट ठेवलं. "हा बघा इथेच आहे की. मी त्याला टेकून बसलेय."

"हो."

"हा फोटो तुम्ही कधी पाहिला होता?"

"ऑगस्टात. कटिंगच्या आधी."

"तरी?"

"मला त्यात तू दिसलीस. टेकू दिसलाच नाही."

ती रागावेल असं वाटलं. पण तिने फोटो उचलून कॉम्प्युटरच्या वर टेकवून ठेवला आणि वहीचं कोरं पान उघडलं. "आता सांगा. गाडी चालत नसते तेव्हा तिचं काय काय होतं?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले कित्येक दिवस काही लिहिलं नाही, कारण दिवसभर बोलतच होतो. गाडी उभी असते तेव्हाचं सगळं. बायका दोर सोडायला मागून वर चढतात. रिकामी गाडी उलटी करून तिच्या आडोशाला झोपतात. दांडीला झोळी बांधतात. रांग पुढे सरकली की बैल न जुंपताच माणसं दांडी धरून गाडी ढकलतात. मागची गाडी येऊन आदळते. उन्हाळ्यात सांगाडा गोठ्याच्या छपराला लावतात. मला हे सगळं माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही ते इंजिनीअरिंग समजत नव्हतो.

मधे आम्ही दोघं पुन्हा पारगावला जाऊन आलो. साळुबाईने चहा केला, गाडीखालीच. आरती तिच्याशेजारी बसली. मी वाकून पट्टीचं वेल्डिंग दोनदा तपासलं तेव्हा साळुबाई म्हणाली, "आता बसा की वं. धा माणसं बसली तरी न्हाई बसायची ही."

आज नवा सांगाडा निघाला. मी पहिल्या पिढीपासून बघत होतो. मागचा बार हळूहळू जाड होत गेला, मग त्याला दोन तिरपे पाय फुटले, थेट आसेपर्यंत. असा विचार मी अठरा वर्षांत केला नव्हता. ह्या वेळी खुपलं नाही. लाईट गेली नाही ह्याचा आनंद झाला.

३० नोव्हेंबर, रविवार

आरती गेली. कॉम्प्युटर वर्कशॉपला ठेवून गेली. तिकडे कंपनीचा मिळणार आहे. फोटो मात्र तिने नेला. मी नको म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. बस पुण्याच्या रस्त्याला वळेपर्यंत उभा होतो आणि नंतरही बराच वेळ.

९ डिसेंबर, मंगळवार

अवसरीतून दोन गाड्यांची नवी ऑर्डर. ऊस रचायचा साटा लांब पाहिजे, म्हणजे सांगाडा नव्याने काढायला हवा. बंटी म्हणाला, "काका, बसा तुम्ही." मी आयुष्यात पहिल्यांदा तो प्रोग्राम स्वतः चालू केला.

जाण्याआधी तिने तो बदलला होता. आता सुरुवातीला तो एकेक प्रश्न विचारतो. लिपी इंग्रजी, भाषा मराठी. लांबी किती. आस कुठे. बैल जुंपलेले की सोडलेले. टेकू कुठे. वर किती माणसं चढणार. झोळी बांधणार का. मी एकेकाचं उत्तर देत गेलो. जणू ती समोर वही घेऊन बसली आहे.

शेवटचा प्रश्न असा: गाडीखाली कुणी बसलं आहे का? हो किंवा नाही.

बंटीला आधीच माहीत होतं. "याचा वजनाशी काही संबंध नाही काका. मी करून बघितलं. 'नाही' म्हटलं की हलकी गाडी येते. 'हो' म्हटलं की सगळं लोखंड जड करून देतो. उगाच. 'नाही' दाबा."

मी 'हो' दाबलं. रेघा हलायला लागल्या. विसाव्या पिढीला लाईट गेली.

लाईट आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. लांबी, आस, बैल, टेकू, माणसं, झोळी. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा 'हो'. दुपारी आणखी एकदा गेली आणि आणखी एकदा विचारलं. बंटी वैतागला. "एवढ्या वेळा काय विचारतो हा? ह्याला एकदा सांगून ठेवता येत नाही का?"

म्हटलं, विचारू दे त्याला.